सत्तर पोत्यांची मोकळी जागा

जळगावच्या ज्या पेढीवर मी गोदाम सांभाळत होतो, तिथे सरकी, गूळ आणि पेंड विकली जाई. गोदामात तीनशे पोती मावत, एकही जास्त नाही. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पाच-सात वर्षांत खप मात्र वाढतच गेला.

माझी रीत सरळ होती. रोज सरकीची दहा पोती जात, गुळाची सहा, पेंडीची चार. त्याच प्रमाणात जागा वाटायची: दीडशे, नव्वद, साठ. प्रत्येक माल पंधरा दिवस पुरे. अकरा वर्षे मी हेच केले आणि त्याचा मला अभिमान होता. गुळाची वॅगन मागवल्यापासून तीन आठवड्यांनी येई, म्हणून मध्ये सहा दिवस गूळ नसे. त्याला मी रेल्वेचा दोष म्हणत असे.

मग शेठजींनी धुळ्याहून नवा मुनीम आणला. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. आठवडाभर तो नुसता बघत होता. मग म्हणाला, "नाना, माल खपतो किती एवढंच आपण धरतो. संपल्यावर परत यायला किती दिवस लागतात, तेही धरायला हवं ना?"

त्याने हिशोब मांडला: कापसातून सरकी काढणाऱ्या धरणगावच्या जिनातून सरकी दोन दिवसांत येते, साठ पोती पुष्कळ झाली. पेंड गावातच मिळते, वीस बस्स. गूळ तीन आठवड्यांचा, म्हणजे एकशे सव्वीस, तर दीडशे ठेवू. बेरीज दोनशे तीस. वाढत्या खपासाठी सत्तर पोत्यांची जागा मोकळी!

शेठजी हसले. "नाना, इतकी वर्षं आपण नवं गोदाम शोधत होतो. ते आतच होतं की!"

मी घरी जाऊन तो हिशोब तीनदा तपासला. चूक निघावी म्हणून तपासला. निघाली नाही. त्या महिन्यात गूळ एक दिवसही संपला नाही. गिऱ्हाइके त्याला 'भाऊ, भाऊ' करू लागली. मला घास गोड लागेना.

माघ संपत आला तेव्हा सरकी घेऊन आलेला धरणगावचा गाडीवान पोती उतरवताना मला म्हणाला, "नाना, होळीनंतर जिन बंद व्हनार शे. औंदा कापूसच नही."

एरवी जिन अक्षय्य तृतीयेपर्यंत चाले. मुनिमाचे दोन दिवस त्या भरवशावर होते. 'मोकळ्या जागेत सरकी भरून घ्या', एवढे एकच वाक्य सांगायचे होते. तो समोर बसला होता. मी पोती मोजली, सही केली आणि गप्प राहिलो. मनात म्हटले, पडू दे तोंडघशी.

होळी झाली. साठ पोती सहा दिवसांत गेली. सातव्या दिवशी पारोळ्याचा एक शेतकरी गाडी जुंपून आला होता. तो ओरडला, "सरकी नही? मंग बैलसले काय गूळ चारू का?" दुकानातली माणसे हसली. मीही हसलो.

शेठजींनी दोघांनाही बोलावले. मुनीम मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी आहे. जिन कधी बंद होणार, हे मी विचारलंच नाही."

शेठजी माझ्याकडे वळले. "नाना, तुम्हाला ठाऊक होतं?"

नाही म्हणता आले असते. पण गाडीवानाने मला सांगितले होते, हे कधीतरी बाहेर पडलेच असते. शिवाय खोटा आकडा मी कधी लिहिला नव्हता, तर खोटे उत्तर तरी कसे देऊ? "होतं," मी म्हणालो. "माघापासून."

शेठजींनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "त्याला कळलं नाही, ते उद्या कळेल. तुमचं काय करू? गोदाम आजपासून त्याच्याकडे. तुम्ही वजनकाट्यावर बसा."

मुनीमच माझी बाजू घ्यायला लागला. "शेठजी, नानांशिवाय मला कसं जमेल?" त्याचा तो चांगुलपणा मला शिक्षेपेक्षा जास्त झोंबला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला मागच्या अकरा वर्षांत जिन केव्हा सुरू झाले, केव्हा बंद झाले, ते आठवून आठवून लिहून दिले. त्याने कागद दोन्ही हातांनी घेतला. मी काट्यावर जाऊन बसलो. त्याने त्या कागदावरून काय नवे काढले असेल, हेच दिवसभर डोक्यात होते.