अठ्ठावीसशे किलोचं बाळ

आमच्या बंगळूरच्या कंपनीत अन्नपूर्णा गुडगेरीला सगळे तोंडावर 'अक्का' आणि पाठीमागे 'मोडतोडवाली' म्हणत. आम्ही प्रोग्राम लिहायचो आणि ती त्यातल्या चुका शोधायची. लिहिणारे हुशार, तपासणारे ढ, अशी आमची समजूत. कॉलेजातून उचलून आणलेल्या पोरांना याहून जास्त अक्कल कुठून असणार? मीही त्यांतलाच.

अक्का गदगची, पंचेचाळिशीतली. बोलणं रोखठोक. आमचे शहरी शहाणे तिच्या त्या बोलीलाही हसायचे.

साहेब होते प्रसन्न ऐताळ. त्यांना दोनच कामं यायची: गिऱ्हाइकाला तारीख देणं आणि ती जवळ आली की आमच्यावर खेकसणं. त्यांच्या खुर्चीमागे 'गुणवत्ता हाच आमचा श्वास' अशी चकचकीत पाटी होती. तपासणीसाठी मात्र त्यांनी सहा दिवस ठेवले होते, आणि त्यातले दोन शनिवार-रविवारच्या सुट्टीचे!

इस्पितळांसाठीचा प्रोग्राम होता तो. पेशंटचं वजन टाकलं की औषध किती द्यायचं ते सांगायचा. हा भाग मी लिहिला होता. दहा किलो, वीस किलो, साठ किलो टाकून बघितलं, उत्तरं बरोबर आली. मी खूश.

"बरोबर आकड्याला बरोबर उत्तर आलं, यात कसलं कौतुक?" अक्का म्हणाली. "वेडंवाकडं टाकलं की काय होतं, ते बघायला नको?"

तिने वजनाचा रकाना रिकामा ठेवला, मग शून्य टाकलं, मग अक्षरं. प्रत्येक वेळी वहीत तीन ओळी: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. मग एक दिवस रजा टाकून ती एका सरकारी प्रसूतिगृहात गेली आणि दिवसभर नर्सशेजारी बसून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्यासमोर वजन टाकलं, २८००.

मी खो खो हसलो. "अक्का, हे बाळ आहे की हत्ती?"

"तिथे बाळाचं वजन ग्रॅममध्ये लिहितात रे. तुझ्या रकान्यात किलो की ग्रॅम, काही लिहिलंय का?"

ऐताळ साहेब कॉफी घेऊन आले. "काय चाललंय?"

"सर, अक्काला हत्तीचं पिल्लू झालंय."

साहेब पोट धरून हसले. अक्काने ही तक्रार संगणकावरच्या चुकांच्या यादीत नोंदवली, तर तिच्याखाली त्यांनी स्वतः लिहिलं, 'असं कोणी करणार नाही. बंद.' अक्काने ती तीनदा उघडली, त्यांनी तीनदा बंद केली.

सोमवारी तुमकूरच्या एका इस्पितळाची माणसं प्रोग्राम बघायला आली. डॉक्टर माना डोलवत होते. त्यांच्यासोबतच्या मेट्रन लिंगम्मा म्हणाल्या, "जरा मी करून बघू?" त्यांनी बाळाच्या तापाचं औषध निवडलं, सवयीने २८०० टाकलं आणि बटण दाबलं. पडद्यावर ठळक हिरव्या अक्षरांत उत्तर आलं, १७५० मिलिलिटर.

"पावणेदोन लिटर?" लिंगम्मा हळूच म्हणाल्या. "बाळाला पाजायचं की आंघोळ घालायची?"

खोलीत कोणी हसलं नाही. ऐताळ साहेबांना घाम फुटला, पण जीभ शाबूत होती. "तपासणी विभागाकडून राहून गेलेलं दिसतंय. अन्नपूर्णा, हे कसं सुटलं?"

मला सगळं ठाऊक होतं. मी टेबलाकडे बघत बसलो.

अक्काने लॅपटॉप वळवून सगळ्यांसमोर धरला. तिची तक्रार, तारीख, खाली साहेबांचा शेरा. एकदा नाही, तीनदा.

"आणखी काही आहे असं?" लिंगम्मांनी विचारलं.

"आहे ना. एक्केचाळीस."

"अन्नपूर्णा, ते आपण नंतर—" साहेब उठले.

"तुम्ही बसा हो," लिंगम्मा म्हणाल्या. "बाई, तुम्ही वाचा."

अक्काने दीड तास वाचलं. समोरच्या इडल्या गार झाल्या. मधे डॉक्टर दोनदा म्हणाले, "अरे देवा!"

इस्पितळाने काम काढून घेतलं नाही, पण अट घातली: या बाईंची सही असल्याशिवाय प्रोग्राम घेणार नाही. तीन महिने लागले. रकान्यासमोर एकक आलं, नवजात बाळांसाठी वेगळी मर्यादा आली. ते मीच लिहिलं, तिच्या शेजारी बसून, मान खाली घालून. एकदा तिची माफी मागितली.

"माफी राहू दे. त्या दिवशी तोंड का उघडलं नाहीस?" तिने विचारलं. मी पुढची ओळ टाइप करायला लागलो.

आणि ऐताळ साहेब? 'अवघड गिऱ्हाईक टिकवलं' म्हणून त्यांना बढती मिळाली. हार घालताना टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्ही सगळे होतो. अक्का नव्हती, तिने त्याच आठवड्यात राजीनामा दिला. आता ती धारवाडच्या एका मुलींच्या तंत्रनिकेतनात शिकवते. पहिल्या महिन्यात मुलींना संगणकाला हात लावू देत नाही म्हणे. बसस्थानकावर, पोस्टात, दवाखान्यात पाठवते, माणसं काम कशी करतात ते बघून या म्हणून.

आमच्या कंपनीत तिच्या जागी दोन महिने कोणी नव्हतं. कोणाला फरकही पडला नाही.