अतिथिप्रिय माणसाची बायको

आमच्या तिसगावच्या ख्रिस्ती मंडळीत नवा वडील, म्हणजे चर्चचा पंच, निवडायचा असला, की पाळकसाहेब शास्त्रातला एकेक गुण वाचतात आणि लोकांनी उठून त्या माणसाबद्दल साक्ष द्यायची असते. गेल्या वर्षी आमच्या ह्यांचं नाव निघालं. मी बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसले होते.

निर्व्यसनी, सौम्य, पैशाचा लोभ नसलेला, सगळं खरंच होतं. तोवर मला बरंच वाटत होतं. मग पाळकसाहेबांनी 'अतिथिप्रिय' वाचलं आणि निम्मी मंडळी उठली. बाजाराला आलो की ह्यांच्याकडंच जेवतो, असं एकानं सांगितलं. दुसऱ्याला आमच्या घरचं पिठलं आठवलं. तिसरा म्हणाला, "ह्यांच्या दारातून कुनी उपाशी गेलं न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अंगणवाडीतून घरी येऊन भाकरी मी थापायच्या, आणि ओसरीवर बसून 'अजून एक घ्या' एवढंच म्हणणारा माणूस अतिथिप्रिय. आयत्या बिळावर नागोबा. नवऱ्याचा हेवा करू नये म्हणतात. मी केला, आणि पोटभर केला.

शेवटचा गुण घर नीट चालवण्याचा. त्याची साक्ष बायकोनं द्यायची, ही आमच्याकडची रीत. पाळकसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी नुसतं हो म्हणायला उठले आणि तोंडातून निघालं, "त्यांनाच इचारा, घरात पीठ कुठल्या डब्यात असतं."

ह्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "मला ठावं न्हाई. तिलाच ठावं."

आता तरी लोकांना कळेल, असं मला वाटलं. पण पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. पाळकसाहेब तर खूश झाले. भर मंडळीत खरं बोलायला धाडस लागतं, असाच माणूस हवा, म्हणाले. भराभर हात वर झाले. मग सगळे माझ्याकडं बघत थांबले. मीही हात वर केला, कारण माणूस खरंच चांगला होता आणि तेच जास्त झोंबत होतं.

शेजारच्या म्हातारीनं माझा गुडघा थोपटला आणि पलीकडचीला म्हणाली, "बायकू बी कशी निमूट हात वर करती बघ. घराला वळन लई चांगलं लावलंय त्यांनी."