कमी पडलेले दोन दिवस

सॅमसनभाऊ गेले ते चालता चालता. लंडनजवळच्या आमच्या स्लाऊच्या हाय स्ट्रीटवर बस यायला दहा मिनिटं होती, आणि दहा मिनिटं एका जागी उभं राहणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पुढच्या स्टॉपवर पकडू म्हणून निघाले आणि मध्येच कोसळले. दीनावहिनींचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. पिठाच्या हातानंच रिसीव्हर उचलला. "बाई, हे गेले," त्या म्हणाल्या. "बसची वाट बघितली असती तर..."

त्याला आता सहा आठवडे झाले. तेव्हापासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा भांडी घासून टाकली, एकदा खिडक्या पुसल्या, एकदा उगीचच कोपऱ्यापर्यंत चालून आले. त्यांची सवय मला लागली असावी. आज मात्र लिहून मोकळं व्हायचं आहे, कारण नुसती आठवण सांगायची नाही, एक कबुलीही द्यायची आहे.

आमचे हे आणि सॅमसनभाऊ ट्रेडिंग इस्टेटवरच्या, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एकाच कारखान्यात कामाला. सॅमसनभाऊ भायखळ्याचे बेने इस्रायली, मूळ अलिबागकडचे, आणि मराठी आमच्या पुणेरी मराठीहून दसपट ठसकेबाज. चहा उभ्यानं प्यायचे. बसलेच तर पाय हलत राहायचा आणि टेबलावरच्या कपबशा किणकिणायच्या. दीनावहिनी न बघता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायच्या. हात काढला की कपबशा पुन्हा सुरू. मी ठाण्याला अकरा वर्षं भूगोल शिकवला होता. इथं माझी सर्टिफिकेटं कुणी उघडूनही पाहिली नाहीत, तेव्हा इस्टेटवरच बिस्किटांचे पुडे भरायला लागले. सुपरवायझर मला 'लव्ह' म्हणायची, सगळ्यांनाच म्हणायची. 'बाई' म्हणणारी माणसं अख्ख्या स्लाऊत दोनच, सॅमसनभाऊ आणि दीनावहिनी.

युरोपात गाडीनं जायचं खूळ सॅमसनभाऊंचं, पण व्हेनिस वहिनींचं. शाळेत असताना मिळालेला एक पत्र्याचा डबा त्या मुंबईहून घेऊन आल्या होत्या. आत सुई-दोरा, बटणं. झाकणावर व्हेनिसचं चित्र. "रस्त्याच्या जागी पाणी असलेलं गाव असतं तरी कसं, एवढंच बघायचंय मला," असं त्या एकदाच म्हणाल्या. वहिनी कधी काही मागत नसत, म्हणून ते एकदाचं मागणं सॅमसनभाऊंनी मनावर घेतलं.

मग काय विचारता! दर रविवारी इस्टेटच्या ओस पडलेल्या रस्त्यांवर रंगीत तालीम. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात म्हणून आम्ही चौघं त्यांच्या जुन्या मॉरिसमधून उजवीकडून चालायचो. आमच्या गाडीचं स्टिअरिंगही उजवीकडेच, त्यामुळे पुढच्या गाडीला ओलांडताना समोरचं दिसणार ते डावीकडे बसलेल्या वहिनींना. त्यांनी मान बाहेर काढून "मोकळा!" म्हणायचं, की सॅमसनभाऊ गाडी दामटणार. समोर ओलांडायला कुणी नसायचंच. तरी "मोकळा!" म्हणताना वहिनींचा चेहरा असा काही फुलायचा, की आमच्या ह्यांनाही थट्टा सुचायची नाही. ह्यांच्याकडे तंबू आणि स्टोव्ह.

आणि अंतरांचं काम माझ्याकडे. "बाई असताना आम्ही कशाला डोकं चालवायचं?" सॅमसनभाऊ म्हणाले. किती वर्षांनी कुणी मला माझ्या विषयातलं काही विचारलं होतं! लायब्ररीत एक फ्रेंच पुस्तक मिळालं, त्यात गावागावांमधल्या अंतरांचा तक्ता होता. फ्रेंच येत नव्हतं, पण आकडे सगळीकडचे सारखेच. कॅले, ब्रसेल्स, कलोन, बाझल, मिलान, व्हेनिस. परत येताना जिनिव्हा, पॅरिस. सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून घेतलं, वर लाल शाईनं 'मैल' लिहिलं. बेरीज दोन हजार नऊशे साठ. सॅमसनभाऊंनी कागद लांब धरून कौतुकानं पाहिला आणि म्हणाले, "खाली 'तपासले' लिहून सही करा बघू, वहीवर करता तशी." मी केली. त्या रात्री मला माझा वर्ग आठवून रडू आलं होतं.

कारखाना उन्हाळ्यात दोन आठवडे बंद असायचा. मागचे-पुढचे शनिवार-रविवार धरून सोळा दिवस. पण शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी सॅमसनभाऊ गाडीला हात लावत नसत, ते तीन गेले. उरले तेरा. मॉरिस दिवसाला दोनशे मैलांपलीकडे ताणायची नाही, म्हणजे हवेत पंधरा. दोन दिवस कमी पडत होते.

"व्हेनिस गाळलं तर बसतं," आमचे हे म्हणाले.

"मग इथल्या इथं ब्रायटनच्या समुद्रावरच जाऊ की!" सॅमसनभाऊ उठून येरझारा घालायला लागले. वहिनी डब्यात काहीतरी शोधत राहिल्या. फोरमननं पुढच्या वर्षी एक आठवडा बिनपगारी रजा द्यायचं कबूल केलं आणि बेत वर्षभर लांबला. ते वर्ष सॅमसनभाऊंनी पिंजऱ्यातल्या वाघासारखं काढलं. तंबू दोनदा मागच्या बागेत ठोकून उपटला.

निघायच्या आधीच्या वसंतात मशीनवर काम करता करता त्यांना फिट आली. नंतर आणखी दोन. लायसन्स गेलं. आम्हा बाकी तिघांपैकी कुणालाच गाडी येत नव्हती. मॉरिस विकली, आणि इतका अस्वस्थ माणूस पुढची सगळी वर्षं बसवाल्यांच्या मर्जीवर जगला. कुणी प्रवासाचा विषय काढला तर म्हणायचे, "आमच्या बाईंनी तक्ता काय झकास केला होता!"

गेल्या आठवड्यात वहिनींकडे गेले होते. त्यांना आता बारीक दिसत नाही, सुईत दोरा ओवून द्या म्हणाल्या. डबा उघडला. तळाशी घडी घातलेला कागद होता, माझ्याच अक्षरातला. माझ्या प्रत्येक आकड्याखाली सॅमसनभाऊंच्या अक्षरात, पेन्सिलीनं, दुसरा आकडा, लहान. लाल 'मैल' तसंच, त्याच्या खाली बारीक अक्षरात 'कि.मी.'. माझा एकही आकडा त्यांनी खोडला नव्हता. बेरीज दोन हजार नऊशे साठ. तिच्याखाली अठराशे चाळीस मैल. लागणारे दिवस दहा. शिल्लक, तीन.

भूगोलाच्या बाईंनी किलोमीटरला मैल म्हटलं होतं. दोन दिवस कमी नव्हतेच... तीन उरत होते. ते तीन व्हेनिसमध्ये घालवता आले असते.

"फिट आल्यानंतर घरी बसून होते ना, तेव्हा काढलं त्यांनी हे," वहिनी म्हणाल्या. "मला बजावलं, बाईंना सांगायचं नाही. इथं त्यांची शाळा म्हणजे एवढा एकच कागद आहे, म्हणाले."

मला राग आला. त्यांचा, माझा, कुणाचा ते कळेना. "तुम्ही तरी सांगायचंत, वहिनी!"

"सांगून गाडी कोण चालवणार होतं?"

मी उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. काय करावं सुचेना, म्हणून सवयीनं त्यांचा एकेक आकडा पडताळत बसले. सगळे बरोबर होते. वहिनींनी डब्यातली कापडावर खुणा करायची लाल पेन्सिल चाचपडत काढली आणि माझ्यापुढे धरली.

"बघितलंत ना? मग सही करा, बाई."

'तपासले' लिहिलं, आणि सही केली.