कॉम्प्युटरचा ओटा

कॉम्प्युटर कुठला घ्यायचा हे ठरायच्या आधीच अण्णांनी त्याच्यासाठी ओटा बांधून घेतला. परतूरच्या आमच्या घरात, बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या डाव्या अंगाला. आष्टीहून ओळखीचा मिस्त्री बोलावला, विटांचे दोन पाय उभे केले आणि वर काळा कडप्पा बसवला. अण्णा हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. शाळेतल्या कॉम्प्युटरची मापं त्यांनी सुतळीनं घेऊन आणली होती. पडदा किती रुंद, डबा किती उंच, मनगट टेकायला किती जागा लागते. तारा खाली सोडायला कडप्प्याच्या मागच्या कोपऱ्यात मुठीएवढं भोकही पाडून घेतलं. मी औरंगाबादचा क्लास करून संध्याकाळच्या गाडीनं घरी आले, तेव्हा अण्णा विटांच्या प्लास्टरवर तांब्यानं पाणी मारत होते.

"बराबर झालं का न्हाई?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले, आत गेले आणि पिशवी कॉटवर आपटली. माझं डोकं सणकलं होतं.

दोन हजार सात-आठच्या सुमाराची ही गोष्ट. मला डेस्कटॉप नकोच होता. मला लॅपटॉप हवा होता, आणि तोही साधा नाही. गेम खेळणाऱ्यांसाठी काढलेला, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला, जड. मी थ्रीडी अॅनिमेशन शिकत होते आणि साध्या मशीनवर एक घोडा पळवायचा म्हटला तरी मशीन मान टाकायचं. गेम मीही खेळायचे, उगाच खोटं कशाला सांगू. पण खरं कारण वेगळंच होतं. पुण्यातल्या एका स्टुडिओनं क्लासच्या पत्त्यावर पत्र पाठवून मला शिकाऊ म्हणून घ्यायची तयारी दाखवली होती, सहा महिन्यांसाठी. मशीन आपलं आपण आणायचं, एवढीच अट. राहायची सोय कॉट बेसिसवर. एका खोलीत पाच मुली, प्रत्येकीला एक कॉट आणि कॉटखालची जागा. तिथं डेस्कटॉप मांडणार कुठं? महिनाअखेरपर्यंत येते की नाही ते कळवायचं होतं, आणि पंधरा तारीख उलटून गेली होती.

यातलं एक अक्षरही मी घरात बोलले नव्हते. रोज औरंगाबादला जाऊन यायचं, एवढीच माझी हद्द होती. तीसुद्धा आईनं दोन वर्षं अण्णांच्या मागे लागून मिळवून दिलेली. पुण्याचं नाव काढलं असतं तर घरात लगेच स्थळांच्या चिठ्ठ्या निघाल्या असत्या. म्हणून मी ठरवलं होतं, आधी लॅपटॉप पदरात पाडून घ्यायचा आणि पुण्याचं मग बघायचं. आता त्या ओट्यानं सगळा घोळ करून ठेवला होता. एकदा त्या कडप्प्यावर कॉम्प्युटर बसला की त्याच्यासमोर मी बसणार, हे मला लख्ख दिसत होतं. लोकांच्या लग्नपत्रिका, पाळण्याचे फोटो, कुणाच्या तरी दुकानाचा बोर्ड. मला त्या ओट्याची चक्क भीती वाटायला लागली.

मी वहीत दोन रकाने पाडले. डेस्कटॉपच्या बाजूचा रकाना भरभर भरला. तेवढ्याच पैशात जास्त ताकदीचं मशीन, मोठा पडदा, गरम कमी होतं, एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. लॅपटॉपच्या रकान्यात मी फक्त 'लाईट गेली तरी चालतो' एवढं लिहिलं आणि पेन चावत बसले. चार दिवस मी तो कागद फाडत होते आणि नव्यानं लिहीत होते, आणि दर वेळी डेस्कटॉपच जिंकत होता. क्लासात लक्ष नव्हतं. परतीच्या गाडीत बसायला जागा असली तरी मी दारापाशी उभी राहायचे.

आईचा भाऊ, म्हणजे माझा मामा, जालन्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. रविवारी तो आला, ओट्यावर थाप मारून बसला आणि अण्णांना म्हणाला, "दाजी, बिलकुल लॅपटॉपच्या भानगडीत पडू नका. मी जोडून देतो मशीन. हिला काय गाड्या पळवायच्यात त्या पळवू द्या त्याच्यावर. लॅपटॉप बिघडला की औरंगाबाद गाठावं लागतं, खर्चा वेगळाच."

त्याचं सगळं बरोबर होतं, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला.

"आणि लाईट गेल्यावर?" मी म्हणाले. "सकाळी चार तास न्हाई, दुपारून चार तास न्हाई. तुझा डबा मंग काय हातानं फिरवू? लॅपटॉपला बॅटरी असते."

अण्णांनी मान वर केली. आकडा कानावर पडला की ते जागे व्हायचे. "किती चालती बॅटरी?"

"चार-पाच तास," मी ठोकून दिलं.

"मंग हिचं बराबर आहे," अण्णा मामाला म्हणाले. "आठ तासांतले पाच तास वाचले तर वर्षाचं कितीतरी काम बुडत न्हाई."

आई आतून जुन्या साडीचं कव्हर घेऊन आली. शेजारणीच्या घरचा कॉम्प्युटर बघून तिनं ते शिवलं होतं, काठाला लेस लावून. "मंग ह्याचं काय करू?" ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर अण्णा मला जालन्याला घेऊन गेले. दुकानात तसले लॅपटॉप ठेवत नसत, पण कुणाच्या तरी मागणीवरून मागवलेला एक आला होता. काळा, कडेला लाल दिवे. दुकानदारानं त्याच्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावून दिला आणि मी बसले. काय सांगू, रस्त्यावरच्या पाण्यात समोरच्या गाडीचे दिवे हलताना दिसत होते. मी सगळं विसरले. अण्णा माझ्या खांद्यामागे उभे होते आणि गाडी कठड्याला आदळली की तोंडानं च्च करत होते.

थोड्या वेळानं ते दुकानदाराला म्हणाले, "याची पिन काढा."

"चालू राहील, सर. बॅटरी फुल आहे."

"तेच बघायचंय," म्हणत अण्णांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं, काउंटरवर ठेवलं आणि स्टूल ओढून बसले.

परीक्षेच्या हॉलमध्ये बसायचे तसे ते बसले, ताठ, हात मांडीवर. अशा लॅपटॉपची बॅटरी किती चालते हे मला माहीत होतं. क्लासमधल्या एकाकडे तसला होता. मी गेम बंद करून नुसतीच फोल्डरं उघडू लागले, तेवढीच बॅटरी वाचेल म्हणून. अण्णा म्हणाले, "खेळ की. काम करशील तेव्हा असाच तापंल ना?" मग मी खेळत राहिले. गाडी कुठं चालली होती ते मला कळत नव्हतं. पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता आणि डाव्या हाताखालचा पत्रा चटके द्यायला लागला होता. गिऱ्हाइकं येत होती, दुकानदार त्यांच्याशी बोलता बोलता आमच्याकडे बघत होता. मध्येच त्यानं चहा मागवला, अण्णांनी नको म्हटलं. पडद्यावर एकदा इशारा आला, दुसऱ्यांदा आला, आणि गाडी वळणावर असतानाच सगळं काळं झालं.

"एक्केचाळीस मिनिटं," अण्णा म्हणाले. घड्याळ बांधलं, दुकानदाराचे आभार मानले आणि बाहेर पडले.

परतीची पॅसेंजर सुटली. मी खिडकीतून कापसाच्या गाड्या बघत होते, म्हणजे तसं दाखवत होते. लाज वाटत होती आणि रागही येत होता. घड्याळ लावून पोरीचं खोटं कोण मोजतं? रांजणी स्टेशन आलं. आमच्या बाकावरची बाई टोपलं घेऊन उतरली आणि आम्ही दोघंच उरलो.

"मी शिकवलंय तुला," अण्णा म्हणाले. "तुझा हिशोब असा चुकत न्हाई. लाईटीसाठी न्हाई घेऊन राह्यलीस तू हे."

"न्हाई."

"मंग?"

"पुण्याला जायचंय मला." मग मी सगळंच सांगून टाकलं, स्टुडिओ, पत्र, पाच मुलींची खोली. बोलता बोलता रडायला आलं आणि त्या रडण्याचाही मला संताप आला.

अण्णा ऐकत राहिले. मग म्हणाले, "किती दिवस?"

"सहा महिने."

"सहाच?"

"सहाच, अण्णा." तेव्हा मला ते खरं वाटत होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

परतूरच्या फलाटावर उतरल्यावर ते म्हणाले, "आधी सांगायचं. ओट्याचा कुटाणा तरी केला नसता." घरी गेल्यावर त्यांनी आईला काय सांगितलं कोण जाणे. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिनं माझ्यासाठी पांघरुणं उन्हात टाकली. मामाचा तिळपापड झाला, पण दुकानदाराकडे भाव कमी करून घ्यायला तोच गेला.

मी सहा महिन्यांनी परत आले नाही. स्टुडिओनं ठेवून घेतलं. फोनवर अण्णा काम कसं चाललंय, जेवण काय, एवढंच विचारत. परत कधी येतेस असं त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि मी आपली खूश, की बरं झालं, विचारत नाहीत. सणासुदीला दोन दिवस यायचे, तेव्हा ओट्यावर पेपरची रद्दी आणि अण्णांनी तपासायला आणलेले पेपर असायचे. मी त्याच ढिगावर पिशवी ठेवायचे.

अडीच वर्षांत लॅपटॉप कामातून गेला. बिजागरी तुटली, बॅटरी फुगली म्हणून काढून टाकली. पिनेवर तेवढा चालायचा, हलवला की बंद. स्टुडिओत मला त्यांचं मशीन मिळालं होतं, म्हणून त्या दिवाळीला मी हा जुना लॅपटॉप परतूरला घेऊन आले. अण्णांना पत्ते खेळायला होईल म्हटलं.

त्यांनी ओटा फडक्यानं पुसला, लॅपटॉप मधोमध ठेवला आणि चार्जरची तार कोपऱ्यातल्या भोकातून खाली सोडली. ती बरोबर गेली. आईनं तिचं ते लेसचं कव्हर आणलं, ते भलतंच मोठं झालं.

"ह्या भोकातून पाली येतात," ती मला म्हणाली. "किती डाव म्हणलं, बुजवून टाका. मिस्त्री न्हाणीचं काम करायला आल्ता, सिमेंट कालवलेलं होतं, तरी हात लावू दिला न्हाई ह्यांनी."

"का हो अण्णा?" मी हसत विचारलं. "कॉम्प्युटर तर नव्हता घरात."

अण्णा ओट्याखाली वाकून तार ओढून घेत होते.

"सहा महिने म्हणलीस ना तू," ते खालूनच म्हणाले.