जनगणनेतली गंगू

दुबईत जुमेरा लेक टॉवर्सच्या तळ्याकाठी एक इंग्रज बाई रोज संध्याकाळी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसत. त्यांचे खापरपणजोबा इंग्लंडात पब चालवायचे आणि त्यांच्या जुन्या नोंदी त्या शोधत होत्या. मी मुंबईची आहे हे कळल्यावर एकदा त्यांनी मला थांबवलं.

"हे नाव नीट कसं म्हणायचं?"

स्क्रीनवर व्हिक्टोरिया राणीच्या काळातली जनगणना होती. पबमालक, त्यांची आईविना मुलगी आणि सगळ्यांत शेवटी एक आया, जन्म मुंबई. हिंदुस्थानातली फौजेतली नोकरी संपवून परतताना त्यांनी तान्ह्या मुलीसाठी तिला सोबत नेलं होतं.

"गंगू," मी म्हणाले.

बाई ते नाव जमेपर्यंत पुटपुटत राहिल्या. "माझ्या पणजीला हिनंच वाढवलं. मालकांची कबरसुद्धा सापडली मला. ही मात्र पुढं कुठंच नाही."

मग चष्मा काढून त्यांनी हळूच विचारलं, "तिच्या घरचं कुणी तिला शोधत असेल का?"

मला तर माझ्या आजीच्या आईचंही नाव माहीत नाही.

"इन्शाल्ला," मी म्हणाले. तोंडावर नाही म्हणवत नसलं, की इथं आम्ही सगळे तेच म्हणतो.