निसरडं म्हणजे काय?

शिक्षकबंधूंनो, आज सूड पाहिला आणि तो गोड लागला.

गेल्या वर्षी शाळा तपासायला आलेल्या दिपोटीसाहेबांनी माझ्या वर्गातल्या सोनीला ‘निसरडं’चा अर्थ विचारला. मी शिकवल्याप्रमाणे तिने पाय घसरवून दाखवला. "नाचायला येतेस काय?" साहेब गरजले. बापाने लाजेने तिची शाळा सोडवली.

आज साहेबांना आणायला मी ओढ्यावर गेलो. तिथे सोनी धुणं धूत होती.

"साहेब, निसरडं हाय!" ती ओरडली.

"शुद्ध बोल! ‘निसरडे आहे’ म्हण," म्हणताम्हणता साहेब घसरून पाण्यात बसले. मी हात द्यायला मुद्दाम उशीर केला.

"गुरुजी, साहेबांनी पण अर्थ करूनच दाखवलानी!"

संध्याकाळी देवापुढे क्षमा मागायला बसलो, पण मागवेना. उद्या सोनीच्या बापाला विचारणार आहे, आता लाज कुणी धरायची? तुम्ही काय म्हणाल?