बोटभर पुढे

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माझ्या काकांकडे व्हॉल्व्हचे अकरा जुने रेडिओ आहेत, पेटीसारखे हातात धरून न्यायचे. एरियल झाकणातच असल्यामुळे स्टेशन नीट लागायला अख्खा रेडिओ फिरवावा लागतो. ते काम काकूचं. काका टेबलाशी कान टवकारून बसत आणि आवाज स्वच्छ आला की म्हणत, "बस."

काकू मुद्दाम बोटभर पुढे सरकवायची. पुन्हा खरखर.

"तुम्ही म्हणाल तिथे थांबायला मी काय घड्याळाचा काटा आहे?"

काका जाम चिडायचे.

काकू जाऊन चार वर्षं झाली. काल मी गेले, तर काका एकटेच रेडिओ फिरवत होते. बातम्या स्वच्छ लागल्या. "बस," ते म्हणाले. मग त्यांनी रेडिओ बोटभर पुढे सरकवला आणि खरखर ऐकत बसले.